‘आयफ्लाय’ म्हणणारा पायलट आपलं विमान कोणतं ते का सांगत नाही?

प्रश्न असा आलाय: “काका, मी इंदूरला रामबागेत राहतो, बारावीत आहे. संध्याकाळी बिजासन टेकरीवर विमानं बघायला जातो. फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक विमानाखाली ए२०एन, एटी७६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पण कॉकपिटचे व्हिडिओ ऐकले तर आपले पायलट नुसतं ‘आयफ्लाय अमुक-अमुक’ म्हणतात. अमेरिकेतले मात्र ‘सेसना अमुक’ अशीच सुरुवात करतात. मग येतंय ते एअरबस की एटीआर, हे आपल्या कंट्रोलरला कळतं कसं? आणि उद्या मी फ्लाइंग शिकायला लागलो तर मी काय म्हणायचं?”

बाळा, बहुतेक वेळा पायलट ते सांगतच नाही, कारण कंट्रोलरला ते आधीच ठाऊक असतं. मी आधी याच बिजासनच्या धावपट्टीवर पोरांना उडायला शिकवलं, नंतर बरीच वर्षं चार्टरची विमानं चालवली आणि आता रेडिओच्या परीक्षेची, म्हणजे आरटीआरची तयारी करून घेतो. दर बॅचमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

‘आयफ्लाय’ हे इंडिगोचं रेडिओवरचं नाव. प्रत्येक विमान कंपनीला असं एक नाव ठरवून दिलेलं असतं. एअर इंडियाचं सरळ ‘एअर इंडिया’, अलायन्स एअरचं ‘अलाइड’, ब्रिटिश एअरवेजचं ‘स्पीडबर्ड’. नावापुढे उड्डाणाचा क्रमांक आला की झाली कॉलसाइन. त्यात विमानाच्या जातीचा काही पत्ता नाही. आज ज्या क्रमांकाने एअरबस गेलं, उद्या त्याच क्रमांकाने पंख्यांचं छोटं एटीआर जाऊ शकतं. कॉलसाइन म्हणजे माणसाला हाक मारायचं नाव. त्याची उंची-जाडी दुसरीकडे लिहिलेली असते.

ते ‘दुसरीकडे’ म्हणजे फ्लाइट प्लॅन. उडण्याआधी भरायचा हा फॉर्म जगभर एकसारखा असतो. त्यातल्या ७ नंबरच्या रकान्यात कॉलसाइन आणि ९ नंबरच्या रकान्यात विमानाचा प्रकार. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तिने जवळजवळ प्रत्येक विमानाला दोन ते चार अक्षर-अंकांची खूण दिली आहे. सेसना १७२ ला सी१७२, एअरबस ३२० ला ए३२०. नवीन इंजिनांची ‘निओ’ आली तेव्हा चार खणांत ‘ए३२०निओ’ मावेना, म्हणून ती झाली ए२०एन. एटीआर ७२-६०० ची खूण एटी७६, बोइंग ७३७ मॅक्स ८ ची बी३८एम. ग्वाल्हेरच्या महाराजपुऱ्याहून उडणारं मिराज २००० म्हणजे एमआयआर२. एकापेक्षा जास्त विमानं ताफ्याने जात असतील तर खुणेच्या आधी त्यांची संख्या लिहायची. गरम हवेच्या फुग्यालासुद्धा खूण आहे. ज्या विमानाला कुठलीच खूण नाही, त्याच्यासाठी चार वेळा ‘झेड’ लिहायचं आणि १८ नंबरच्या रकान्यात प्रकार फोडून सांगायचा. तुझ्या ॲपमधली अक्षरं याच यादीतली.

हा प्लॅन वाटेतल्या सगळ्या केंद्रांकडे आधीच जातो. इंदूरच्या टॉवरमधल्या कंट्रोलरच्या पुढ्यात त्या उड्डाणाची पट्टी येते. त्या पट्टीला ते ‘स्ट्रिप’ म्हणतात. पूर्वी ती कागदाचीच असायची, प्लॅस्टिकच्या पट्टीत सरकवलेली. तिच्यावर कॉलसाइन, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, किती उंचीवर, किती वाजता. पायलटने “इंदूर टॉवर, आयफ्लाय…” म्हटलं की कंट्रोलरची नजर पट्टीवर जाते आणि पुढचं सगळं त्याला दिसतं. लग्नाच्या पंगतीत यजमानाच्या हातात यादी असली की पाहुण्याने नुसतं आडनाव सांगितलं तरी पुरतं, तसंच.

रडारच्या पडद्यावर विमानाच्या ठिपक्याशेजारी त्याचा प्रकार उमटतो, तोही प्लॅनमधूनच आलेला. विमानातला ट्रान्सपॉन्डर आपला कोड, उंची आणि नव्या यंत्रांत कॉलसाइन पाठवतो, पण ‘मी ए२०एन आहे’ असं म्हणत नाही. संगणक कोड किंवा कॉलसाइन घेतो, प्लॅनशी जुळवतो आणि प्रकार शेजारी लिहितो. म्हणजे प्लॅनमध्ये चुकीचं लिहिलं असेल तर पडदाही बिनदिक्कत चुकीचंच दाखवणार.

हे मी अनुभवाने शिकलो. चार्टरच्या दिवसांत एका कंपनीच्या किंग एअर २०० वर होतो. दोन पंखेवाल्या टर्बोप्रॉप इंजिनांचं, सुटसुटीत, पळायला चपळ विमान. आदल्या दिवशी कंपनीची सेसना १७२ त्याच मार्गाने गेली होती. ऑफिसातल्या पोराने तोच प्लॅन उघडला, ७ नंबरच्या रकान्यात माझ्या विमानाची नोंदणी घातली, पायलटचं नाव बदललं आणि पाठवून दिला. ९ नंबरचा रकाना तसाच, वेगाचा रकानाही तसाच. मी सही करताना नाव, मार्ग आणि इंधन बघितलं. बाकीचं कोण बघतं सकाळी साडेपाचला!

दीडशे मैलांचा पल्ला. सेसनाला दीड तास लागतो, मला चाळीस मिनिटं. पुढच्या टॉवरने सेसनाच्या हिशोबाने माझी वेळ लिहून ठेवलेली आणि माझ्या खऱ्या वेळेला दुसरंच विमान उतरवायचं ठरवलेलं. मी उंची सोडायला मागितली तेव्हा आधी क्षणभर शांतता. मग आवाज आला, “कन्फर्म टाइप ऑफ एअरक्राफ्ट?” मी म्हटलं, “बीच सुपर किंग एअर टू हंड्रेड.” पुन्हा शांतता. मग तो अगदी सरकारी स्वरात म्हणाला की आमच्याकडे सेसना वन सेव्हन टू लिहिलंय. मला हवेत दोन घिरट्या घालायला लावल्या, खाली उतरल्यावर लेखी खुलासा द्यावा लागला आणि मागे बसलेल्या साहेबांनी विचारलं की आपण गोल-गोल का फिरत होतो. त्या पोराला मी काही बोललो नाही. सही माझी होती.

तेव्हापासून ७ नंतर ९ वाचल्याशिवाय मी प्लॅनवर सही केलेली नाही. आणि कंट्रोलरने ‘कन्फर्म टाइप’ विचारलं की त्याला घाईघाईत ‘ॲफर्म’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. तो हो-नाही विचारत नाहीये, प्रकार विचारतोय.

आता प्रकार तोंडाने कधी सांगावा लागतो ते बघू. जेव्हा समोरच्याच्या हातात पट्टी नसते तेव्हा. समजा तू उज्जैनजवळच्या दतानाच्या पट्टीवरून इंदूरकडे येतोयस आणि टॉवरकडे तुझा तपशील पोचलेला नाही. पहिल्यांदा फक्त हाक: “इंदूर टॉवर, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली.” तो म्हणेल, “पास युअर मेसेज.” मग एका दमात, पण घाई न करता: “व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, सेसना वन सेव्हन टू, फ्रॉम दताना टू इंदूर, फिफ्टीन माइल्स नॉर्थ, थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड फीट, व्हीएफआर, टू ऑन बोर्ड, रिक्वेस्ट जॉइनिंग इन्स्ट्रक्शन्स.” (व्हीएफआर म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत उडणं.) कोण, कोणतं विमान, कुठून कुठे, आत्ता कुठे, काय हवंय. विमानाचा प्रकार कॉलसाइनच्या लगेच मागे येतो, कारण पुढचं सगळं ऐकताना कंट्रोलर मनात त्या विमानाचा वेग धरूनच ऐकत असतो. ‘पंधरा मैल’ हे सेसनाच्या तोंडून आलं तर अजून आठ-नऊ मिनिटं आहेत. जेटच्या तोंडून आलं तर त्याला आत्ताच हात-पाय हलवायला हवेत.

आणि नुसतं ‘सेसना’ म्हणू नकोस. पोरं हमखास म्हणतात. सेसना हे कारखान्याचं नाव. त्यांचं १५२ आहे, १७२ आहे, ज्यात डझनभर माणसं बसतात ते कॅराव्हॅन आहे आणि सायटेशन नावाची जेट विमानंही आहेत. १७२ शेवटच्या टप्प्यात साठ-पासष्ट नॉट्सने येतं, सायटेशन शंभराच्या वर. ‘टाटाची गाडी येतेय’ एवढ्यावरून नॅनो की ट्रक, काय समजायचं?

अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथे खाजगी विमानांची नोंदणी ‘एन’ने सुरू होते आणि रीत अशी की ‘एन’ म्हणायच्या जागी कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव घ्यायचं. ‘नोव्हेंबर’ऐवजी ‘सेसना’, ‘स्कायहॉक’, ‘बोनान्झा’ आणि पुढे आकडे. तिथे लहान विमानं मुबलक, त्यातली बरीच प्लॅनशिवाय उडणारी, त्यामुळे हाकेतच प्रकार गुंफलेला बरा पडतो. आयकाओच्या नियमांतही नोंदणीच्या आधी उत्पादकाचं किंवा मॉडेलचं नाव जोडायची मुभा आहे. आपल्याकडे मात्र पूर्ण नोंदणी म्हणायचा प्रघात: व्हिक्टर टँगो आणि पुढची तीन अक्षरं. (‘व्हीटी’ म्हणजे व्हॉइसरॉयज टेरिटरी ही गोष्ट तुला कोणीतरी सांगेलच. ऐकून घे आणि सोडून दे. जगातल्या देशांना रेडिओची अक्षरं वाटून दिली आहेत, त्यात व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड ही रांग भारताच्या वाट्याला आली आहे.) सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, टॉवर बहुधा शेवटच्या तीन अक्षरांवर येतो. पण आखूड हाक आधी त्याने मारायची, मग आपण. आपणहून नाव आखडायचं नाही. आरटीआरच्या तोंडी परीक्षेत यावर मुलं आपटतात.

आता एक शब्द असा, जो प्लॅनमध्ये लिहिलेला असूनही तोंडाने म्हणावाच लागतो. ‘हेवी’. यातच या सगळ्याचं खरं कारण दडलंय, म्हणून इथे थोडं थांबतो.

विमान हवेत चालतं तेव्हा पंखांच्या टोकांपासून दोन भोवरे सुटतात. होडीच्या मागे पाणी फाकतं, तसेच पण आडवे गरगरणारे. विमान जितकं जड, तितके ते जोरदार. ते हळूहळू खाली बसतात आणि वारा पडलेला असला की धावपट्टीच्या आसपास रेंगाळतात. दिसत काहीच नाही. मागून येणारं हलकं विमान त्यात सापडलं तर कुशीवर पडतं आणि जमीन जवळ असली तर सावरायला उंचीच उरत नाही.

म्हणून प्लॅनच्या ९ नंबरच्या रकान्यात प्रकाराच्या पुढे तिरकी रेघ मारून वजनाचा गट लिहितात. सात हजार किलोपर्यंत ‘एल’, म्हणजे लाइट. त्यावर पण १ लाख ३६ हजार किलोच्या आत ‘एम’, मीडियम. तिथून पुढे ‘एच’, हेवी. आणि एअरबस ३८० साठी वेगळं ‘जे’, त्याला रेडिओवर ‘सुपर’ म्हणतात. हेवी विमानाने प्रत्येक नव्या केंद्राशी पहिल्यांदा बोलताना कॉलसाइनला ‘हेवी’ जोडायचं. आज किती माणसं बसली आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. उड्डाणासाठी मंजूर असलेलं जास्तीत जास्त वजन धरायचं. अर्धं रिकामं ७८७ सुद्धा हेवीच. ते कंट्रोलरला माहीत असतंच. पण फ्रिक्वेन्सीवर मागचा-पुढचाही ऐकत असतो आणि त्याच्यासमोर पट्टी नसते.

इंदूरला तुला हेवी क्वचितच ऐकू येईल, इथे एअरबस, बोइंग ७३७ आणि एटीआर यांचा राबता. पण तुझ्या सेसनाला तेही पुरे. एअरबस ३२० चं वजन पाऊणशे टनांच्या पुढे जातं, तुझी १७२ भरून सव्वा टनाचीही नाही. म्हणून मीडियम उडालं की त्याच्या मागे लाइटला दोन मिनिटं थांबवतात आणि तू धावपट्टीच्या मधूनच निघणार असशील तर तीन मिनिटं. उतरतानाही मीडियमच्या मागे लाइटला तीन मिनिटांचं अंतर, रडारवर पाच मैल. इंजिन चालू, उन्हात घाम, समोर धावपट्टी मोकळी आणि टॉवर गप्प. पोरांना वाटतं तो विसरला. विसरलेला नसतो. त्याच्या पट्टीवर तुझ्यापुढे ‘एल’ लिहिलेलं असतं आणि तो घड्याळ बघत असतो.

या गटांनाही एक विमान चकवा देऊन गेलं, बोइंग ७५७. वजनाने मीडियम, पण भोवरे जडांसारखे. १५ डिसेंबर १९९३ ला कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲना इथे एक छोटं वेस्टविंड जेट डोळ्यांनी बघत बघत ७५७ च्या मागे उतरत होतं. ते भोवऱ्यात सापडलं आणि त्यातले पाचही जण गेले. वर्षभरापूर्वी, डिसेंबर १९९२ मध्ये, बिलिंग्जला एक सायटेशन असंच ७५७ च्या मागे पडलं होतं. त्यानंतर अमेरिकेत ७५७ च्या मागचं अंतर वाढवलं. माझ्या मते विमानाचा प्रकार शिकवताना सुरुवात इथूनच करावी. आपण कोणत्या विमानात बसलोय हे आपल्याला माहीतच असतं. ते कळायला हवं मागच्याला.

पुढचा प्रसंग डोळ्यांचा. सर्किटमध्ये टॉवर म्हणतो, “नंबर टू, फॉलो एटीआर ऑन फायनल, रिपोर्ट ट्रॅफिक इन साइट.” म्हणजे लांबून एटीआर येतंय, ते बघ आणि त्याच्या मागे लाग. माझा एक विद्यार्थी एकट्याने तिसऱ्यांदा उडत होता. मी खाली रेडिओ कानाला लावून उभा. त्याने दोन सेकंदांत सांगून टाकलं, “ट्रॅफिक इन साइट.” मला शंका आली, कारण एटीआर अजून मलाच नीट दिसत नव्हतं. खाली आल्यावर विचारलं, काय दिसलं तुला? म्हणाला, सर, पांढरं विमान, पंखाखाली दोन इंजिनं. बरोबर, पण पंख कुठे होते, वर की खाली? गप्प. त्याने पाहिलं होतं ते नुकतंच उडून वळलेलं एअरबस. ज्याच्या मागे लागायचं ते त्याला दिसलंच नव्हतं. ते अजून लांब होतं आणि कंट्रोलरने वेळेत पोराचं वळण लांबवलं, म्हणून निभावलं.

त्या दिवशी सरावानंतर पोहे खाताना मी त्याच्याकडून कागदी नॅपकिनवर सहा विमानांची चित्रं काढून घेतली. एटीआर: पंख पाठीवर, शेपूट इंग्रजी ‘टी’सारखं, इंजिनांना पंखे. एअरबस: पंख पोटाशी, शेपटीचे आडवे पंख खाली. तुला कंट्रोलरच्या तोंडून येणारा प्रकार डोळ्यांसमोर उभा राहिला नाही तर तो शब्द ऐकून उपयोग काय? आणि दिसलं नसेल तर ‘लुकिंग आउट’ किंवा ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’ म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

नुसता प्रकार सांगून भागत नाही, हेही ध्यानात ठेव. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली. समोरून सौदीचं बोइंग ७४७ येतंय, हे कझाक वैमानिकांना कंट्रोलरने सांगितलेलं होतं. पण ते ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती.

तुझ्या ॲपचं शेवटी सांगतो, कारण तेही एक कोडंच आहे. विमान जे आपोआप प्रसारित करतं, त्यात कॉलसाइन असते, जागा-उंची-वेग असतो, ढोबळ आकाराचा गट असतो आणि त्या विमानाला नोंदणीसोबत दिलेला एक चोवीस बिटांचा पत्ता असतो. ‘ए२०एन’ ही अक्षरं त्यात नसतात. ॲपवाले तो पत्ता आपल्या यादीत शोधतात, नोंदणी काढतात आणि नोंदणीवरून प्रकार लिहितात. म्हणजे कंट्रोलरकडे प्रकार येतो प्लॅनमधून आणि तुझ्याकडे येतो या पत्त्यावरून. कंपनीने ऐन वेळी विमान बदललं आणि प्लॅनमध्ये दुरुस्ती पाठवायला उशीर केला, तर थोडा वेळ टेकरीवर उभ्या असलेल्या तुला टॉवरपेक्षा खरं ठाऊक असू शकतं. उलट एखाद्या जुन्या विमानाची नोंद त्या यादीत चुकली असेल, तर तुझं ॲप महिनोन्‌महिने एटी७५ ला, म्हणजे जुन्या एटीआर ७२-५०० ला, एटी७६ म्हणत राहील आणि टॉवरमध्ये कोणाला त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून पश्चिमेचा वारा असला आणि विमानं शहराच्या बाजूने २५ नंबरच्या धावपट्टीवर उतरायला लागली, की फोन खिशात ठेव. दिवा दिसला की आधी पंख वर की खाली ते सांग, मग शेपूट, मग इंजिनं. नाव मनात पक्कं झाल्यावर फोन काढून ताडून बघ.